गुंड उतरणार कुठं?

आमची इंदूमावशी कोणाला तोंडानं "थांब" म्हणत नाही. ती बेल मारते.

म्हणजे काय, तर हातात जे असेल त्यानं. चमचा असेल तर चमचा, किल्ली असेल तर किल्ली. समोरच्या तांब्यावर, खिडकीच्या ग्रिलवर, जीपच्या पत्र्यावर, एकदा तर माझ्या नवीन सायकलच्या मडगार्डवर. एक ठोका, थांबा. दोन ठोके, चला. बास. आमचे पप्पा जेवताना त्यांच्या शाळेतल्या कबड्डीची गोष्ट काढतात (ती इतक्या वेळा ऐकलीय की शेवटचा गडी आता मीच बाद करते), तेव्हा मावशी वाटीवर चमचा मारते. टिंग. पप्पा गप्प. घास तसाच गालात. मग मावशी सावकाश मम्मीकडून भाजी मागून घेते, भाकरी मोडते, सगळ्यांच्या ताटात सगळं आलंय का बघते, आणि टिंग टिंग. पप्पा जिथं थांबले तिथून परत सुरू! राग नाही, काही नाही. मोखाड्यात कोणालाच तिचा राग येत नाही, कारण अर्ध्या तालुक्यानं तिच्या बेलवरच प्रवास केलाय.

इंदूमावशी एसटीत कंडक्टर होती. जव्हार, मोखाडा, खोडाळा, परत जव्हार. आता रिटायर झालीय आणि आमच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. त्याबद्दल कोणी विचारलंच तर ती बेल मारते. एक.

नोकरी सुटली पण बस काही सुटली नाही. अजून ती बोलताना पाय फाकवून, खांदा दाराच्या चौकटीला टेकवून उभी राहते, घर आत्ता वळणावर येणार असल्यासारखी. खुर्ची दिली तर दाराजवळची घेते. खिडकीजवळ बस म्हटलं तर म्हणते, "ती प्यासिंजरची." आणि तिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, स्टॉप राहतात. तहसीलमधला एवढा मोठा साहेब, त्याला ती भर बाजारात हाक मारते, "ओ, मोऱ्हांडा फाटा!" आणि साहेब वळून बघतो!

माझ्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले होते ना, तेव्हा मोठ्या माणसांचं शेती किती, शिक्षण किती चाललं होतं. मावशीनं मुलाला एकदा खालून वर बघितलं. "हा चांगलाय," ती म्हणाली. "गाडी थांबल्याशिवाय उतरत नाय." झालं, लग्न ठरलं. आणि खरंच चांगला निघाला तो.

तर अशी ही इंदूमावशी. आणि मागच्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात पिक्चर शिरला.

जव्हारला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शॉर्टफिल्मची स्पर्धा होती. मोबाईलवर काढलेली चालेल असं सांगितलं होतं. बाकीची सगळी पोरं झाडं लावा, दारू सोडा, असलं काहीतरी काढणार हे मला माहीत होतं. मला थ्रिलर पाहिजे होता! रोडवरचा! आमच्याकडे घाट फुकट, धुकं फुकट, जीप रोज शीट भरून मोखाड्याला नेणाऱ्या भास्करदादाची. फक्त गुंड तेवढे आणायचे होते.

गोष्ट पण तयार होती. आईवडील आणि त्यांची छोटी मुलगी जव्हारवरून मोखाड्याला घरी निघालीयत. सोनाराला लुटून पळालेले दोन गुंड घाटात त्यांची जीप अडवतात, आत घुसतात, बापाच्या गळ्याला वस्तरा लावतात आणि म्हणतात, "चल!" मग झटापट, जीप दरीच्या कडेवर, गुंड खाली, कुटुंब वर. संपला. एकदम टाइट.

मी हे मम्मीला सांगत होते, हातवारे करून, मम्मी भाकऱ्या थापत होती, आणि मावशी दाराच्या चौकटीत उभी. मी दरीपर्यंत पोचले तेवढ्यात कडीवर किल्ली. टिंग.

"गुंड चढले कुठं?"

"असंच गं मावशी, घाटात. कुठंतरी."

"कुठंतरी असा स्टॉप नाय."

"अगं ते गुंड आहेत! ते काय स्टॉपवर उभे राहणार?"

"मग काय पावसात उभे राहणार? गुंडांना ताप येत नाय काय?"

मम्मी हसायला लागली. मी म्हटलं, बरं बाई, पोशेऱ्याच्या वळणावर चढले.

"हां. आणि उतरणार कुठं?"

"उतरत नाहीत. दरीत पडतात. मरतात."

मावशी चौकटीपासून सरळ झाली. "पूजे, माझ्या गाडीत एक बाई बाळंत झाली. एक म्हातारा बेशुद्ध पडला. एक बोकड दावं तोडून ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसला. पण चढलेलं माणूस उतरलंच नाय, असं कधी झालं नाय. गुंड झाला म्हणून काय झालं?"

*माझ्या गाडीत*, ती म्हणाली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की पिक्चर आता माझा राहिला नाही. पण मी भाकरी खात होते.

"आणि ह्या घरात आजी कुठंय?" तिनं पुढं विचारलं.

"आजीचं कामच नाहीये ना गोष्टीत."

"आजी नसली तर गुंडांची लाज कोण काढणार?"

दुसऱ्या दिवशी ती हिरवी साडी नेसून, केसात आबोली घालून आमच्या दारात हजर. आजी मिळाली होती.

बाकीची मंडळी मी जमवली. बापाच्या रोलला भास्करदादा, कारण जीप त्याची आणि ती त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. दार बंद करायला सुतळी लागते. भास्करदादाचं अजून लग्न नाही, त्यामुळे एकदम बायको-मुलगी मिळाली म्हणून तो पहिले काही दिवस फारच गंभीर झाला होता. सारखा विचारायचा, "मी घरी कामाला मदत करतो असं दाखवायचं का?" आईच्या रोलला पोशेऱ्याची रंजनाताई आणि मुलगी म्हणून तिचीच साक्षी, जिचे पुढचे दोन दात पडलेले. रंजनाताईचा नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला असतो. तिनं मला सुरुवातीलाच सांगितलं, "पूजा, दिवाळीपर्यंत काय ते कर हां. नागली कापून झाली का आमची पण भट्टीवर न्यायला गाडी येते. मग आम्ही थेट पावसाळ्याला परत."

म्हणजे दिवाळीपर्यंत माझ्याकडे कुटुंब होतं. त्यानंतर गुंड होते, जीप होती, घाट होता, पण कुटुंब नव्हतं. हे मी मावशीला पण सांगितलं. ती म्हणाली, "लय दिवस हायेत."

गुंड नंबर एक सलूनवाला गणपतदादा, कारण वस्तरा त्याचा स्वतःचा. गुंड नंबर दोन मोबाईल रिपेअरिंगवाला सचिन, कारण त्याच्याकडे काळं जॅकेट आहे आणि माझा फोन मधेच बंद पडला तर माणूस जवळ पाहिजे.

पहिल्या दिवशी काय धुकं होतं म्हणून सांगू! पोशेऱ्याच्या वळणावर मी रस्त्याच्या कडेला दगडावर चढून फोन धरला. सीन सोपा. जीप येते. गुंड हात करतात. बाप त्यांचे चेहरे बघतो, घाबरतो, गाडी पळवतो. मग गुंड बाईकवरून पाठलाग करतात. मी ओरडणार होते "अॅक्शन," पण मागच्या सीटवरून पत्र्यावर डबल बेल पडली आणि जीप निघाली.

गणपतदादानं तोंडाला रुमाल बांधून हात केला. आणि भास्करदादानं काय केलं? कचकन ब्रेक मारला, मान बाहेर काढली, "मोखाडा मोखाडा मोखाडा! मागं दोन शीट हायेत, चला लवकर!"

"भास्करदादा!" मी दगडावरून. "ते गुंड आहेत! पळायचंय!"

"हां हां. सॉरी."

परत. जीप आली. हात केला. ब्रेक. "मोखाडा मोखाडा..."

"अरे!"

"त्यांनी हात केला ना पण!" भास्करदादा अगदी रडवेला झाला. "पूजा, माझा पाय आपोआप जातो गं. मी काय मुद्दाम करतो काय?"

मी मावशीकडे बघितलं, म्हटलं ही तरी समजावेल. ती म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. हात केलेल्या माणसाला सोडून गेलं का पाप लागतं."

शेवटी आम्ही गोष्ट बदलली. गुंड हात करतात, जीप थांबते, गुंड चढतात. पाठलाग कॅन्सल. सचिननं बाईकमध्ये टाकलेलं पेट्रोल परत बाटलीत काढलं.

मग जीपमधला सीन. मी पुढच्या सीटवर डॅशबोर्डला पाठ लावून, फोन मागं रोखून. मागून गणपतदादा उठतो, भास्करदादाच्या गळ्याला वस्तरा लावतो आणि डायलॉग मारतो, "गाडी चालव, नायतर चिरून टाकीन." इथपर्यंत सगळं पाठ होतं. पण वस्तरा हातात आला की गणपतदादाचा दुसरा हात आपोआप समोरच्याच्या हनुवटीखाली जातो. त्यानं भास्करदादाची मान हळूच वर केली, एका बाजूला कलती केली, आणि इतक्या प्रेमानं म्हणाला, "कल्ले किती ठेवू?"

रंजनाताई, जिनं किंचाळायचं होतं, ती हसून हसून साक्षीच्या अंगावर पडली.

तिसऱ्या प्रयत्नात त्याला डायलॉग आठवला. सगळं अगदी रंगात आलं, गणपतदादाचे डोळे लाल, रंजनाताईची किंकाळी एक नंबर, जीप दणादण चाललीय, आणि समोर रस्त्यात एक म्हातारी. डोक्यावर काकड्यांची पाटी. तिनं हात केला.

पुढचं सांगायलाच नको. ब्रेक. मागून सिंगल बेल पण पडली, म्हणजे ते ऑफिशियल झालं.

"सरका सरका, आत सरका," मावशी गुंड नंबर दोनला म्हणाली. सचिन सरकला. म्हातारी चढली, पाटी मांडीवर घेतली, आणि बघते तर समोर एक माणूस ड्रायव्हरच्या गळ्याला वस्तरा लावून उभा. मी फोन चालूच ठेवला होता. म्हटलं, हे तर खरंखुरं!

म्हातारीनं गणपतदादाच्या ढोपरावर फटका मारला. "कोणाचा र तू पोरा?"

"म... महादूचा," गुंड म्हणाला.

"कोण महादू? खोडाळ्याचा?"

"हां आजी."

"तुझी आईस बरी हाय का?"

"बरी हाय. गुडघे दुखतात तिचे."

"मंग बस ना खाली. गाडी चालली, लागंल त्याला."

गुंड खाली बसला. वस्तरा मिटला. म्हातारीनं सगळ्यांना एकेक काकडी दिली. माझ्या थ्रिलरमध्ये आता कुटुंब आणि गुंड शेजारी शेजारी बसून काकडी खात होते!

मी म्हटलं, हे सगळं काढून टाकू. म्हातारीच्या आधीचं ठेवू. तेव्हा मावशीनं तिचा नियम काढला. जो चढताना दिसला तो उतरताना दिसला पाहिजे. "लोक बघतील आणि विचारतील, ती बाई गेली कुठं? गुंडांनी मारली काय तिला? तिच्या घरची माणसं जिवाला घोर लावून घेतील." मी म्हटलं तिच्या घरची माणसं गॅदरिंगला येणार आहेत का? तर म्हणे, "आली तर?"

झालं. म्हातारीला उतरवायला पुढच्या खेपेला तिच्या पाड्यावर. ती नव्हती, लेकीकडे गेली होती. त्याच्या पुढच्या खेपेला सापडली, तेव्हा उतरवली. तोपर्यंत रस्त्यात अजून दोघांनी हात केलेला, एक मास्तर आणि एक कोंबडीवाला. मास्तर उतरला पण छत्री विसरला, मग छत्री परत द्यायचा सीन. तो तर मावशीनं इतका मन लावून करून घेतला की गुंडांना त्यात उभं राहायला पण जागा उरली नाही. गणपतदादा वैतागला, "बाई, मी गुंड हाय का क्लीनर? सारखा दार उघडतोय." मावशी म्हणाली, "दार नीट उघडणारा गुंड लोकांच्या ध्यानात राहतो."

असं करत करत गणपती गेले, नवरात्र गेलं. डोंगरावरचा हिरवा रंग उतरून पिवळा पडायला लागला. रंजनाताई आता नागलीच्या कापणीवरून थेट शूटिंगला यायची, पदराला कुसळं चिकटलेली. माझा जीव टांगणीला. फोनमध्ये इतका माल झाला होता की जागा करायला मी बहिणीच्या हळदीचे फोटो उडवले (तिला सांगू नका), आणि शेवट काही येतच नव्हता. जीप घाटात चालली की चाललीच.

आणि मग एक दिवस मी एक गोष्ट पकडली.

त्या दिवशी आम्ही नुसते वळणाचे शॉट घेत होतो. रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता, त्यानं काही हात वगैरे केला नव्हता. बिचारा हरवलेला बैल शोधत होता. आणि मागून सिंगल बेल! जीप थांबली. मावशी खिडकीतून डोकं काढून त्याला म्हणते, "येतोस का रं?"

"नाय बाई, माझा बैल..."

"चढ चढ. पुढं बघू बैल."

चढवला तिनं त्याला! पोशेऱ्यापर्यंत नेला! आता त्याला उतरवायचा सीन आला, बैल पण शोधायचा आला. मी तर खालीच उतरले जीपमधून.

"मावशी, तू मुद्दाम करतेस."

"काय?"

"तुला पिक्चर संपवायचाच नाहीये!"

भास्करदादा इंजिन बंद करून उगाच टायर बघायला गेला. रंजनाताई बाहेर नागलीच्या शेतांकडे बघत बसली. मी पेटले होते, मला थांबताच येईना. "रंजनाताईच्या गाडीचा फोन आलाय, तुला माहितीय? सोमवारी निघणार त्या. साक्षी पण जाणार. कुटुंबच नसेल तर गुंड काय एकमेकांना घाबरवणार? माझी स्पर्धा गेली ना मग!"

मला वाटलं आता बेल पडणार. हातात किल्ली होती तिच्या. पण नाही वाजवली तिनं.

"सोमवारी?" तिनं रंजनाताईला विचारलं.

"हां मावशी. शेठच्या माणसाचा फोन आलता."

साक्षी म्हणाली, "मावशी, तकडं मोठी गाडी हाय. तू पण ये."

मावशीनं साक्षीच्या फ्रॉकचा निसटलेला बंद बांधला. जरा जास्तच वेळ घेतला. मग बैलवाल्याला म्हणाली, "उतर रं बाबा. तुझा बैल त्या बांधावर हाय, मघाशीच दिसलेला."

आणि मला म्हणाली, "रविवारी संपवू."

रविवारी खरंच संपवला! त्या दिवशी मावशी अशी काही चालली की विचारू नका. कोंबडीवाला बाजारात पकडून उतरवला. गुंडांचा प्रश्न तिनं आदल्या रात्रीच सोडवला असणार, कारण सकाळी येऊन सरळ सांगितलं, दोघांचा स्टॉप पोलीस ठाणं. जीप ठाण्याच्या गेटसमोर थांबते, आजी म्हणते, "आला तुमचा स्टॉप, सामान विसरू नका," आणि गुंड, काय करणार, उतरतात. सचिन तर उतरताना "येतो आजी" म्हणाला, ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ठाण्यातला एक हवालदार बाहेर येऊन बघत होता, मावशीनं त्याला हात केला, "काय जव्हार नाका, बरा हायेस ना?" तो पण फ्रेममध्ये हात हलवून गेला. पोलिसांचा रोल फुकट मिळाला.

राहिला शेवटचा सीन. कुटुंब घरी पोचतं. घर कोणाचं घ्यायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. मावशी म्हणाली, "माझंच घ्या, रिकामंच हाय."

आम्ही गेलो तर ओळखू येईना. दारात रांगोळी. भिंतीला नवीन चुना, अजून ओला वास. उंबऱ्याशी आठवड्याच्या बाजारातून आणलेली लहान मुलीची गुलाबी चप्पल, "घर वाटलं पाहिजे ना बघणाऱ्याला" म्हणून. आतून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. मी म्हटलं, मावशी, आत कॅमेरा नाहीये, बाहेरूनच शॉट आहे. ती म्हणाली, "तू बाहेरून काढ. आम्ही आत जेवतो."

सीन एका टेकमध्ये झाला. आयुष्यात पहिल्यांदा! जीप थांबली, भास्करदादा उतरला, रंजनाताई उतरली, साक्षी पळत आत गेली, शेवटी आजी. आजीनं मागं वळून रस्त्याकडे एकदा बघितलं, गुंड नाहीत ना म्हणून, आणि दार लावून घेतलं. मी बाहेर ओरडले, "कट! झाला! संपला!" सचिन आणि गणपतदादा नाचायला लागले.

दार काही उघडलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, भास्करदादा हसत होता, साक्षी काहीतरी मोठ्यानं सांगत होती. गुंडांनी आणि मी बराच वेळ वाट बघितली, मग रश्श्याच्या वासानं राहवेना म्हणून दार वाजवलं. मावशीनं आमची पण ताटं वाढूनच ठेवली होती.

सोमवारी रंजनाताई गेली. साक्षी गुलाबी चप्पल घालूनच गेली.

मग मी एडिटिंगला बसले, आणि डोक्याला हात लावला.

शूटिंग करताना माझं सगळं लक्ष पुढं असायचं ना. गणपतदादाचा वस्तरा, भास्करदादाचे डोळे, रंजनाताईची किंकाळी. मागच्या सीटकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता मोठं करून बघते तर प्रत्येक शॉटमध्ये, अगदी प्रत्येक, मागं आजी बसलीय. पुढं गुंड ओरडतोय "चिरून टाकीन," आई किंचाळतेय, बाप थरथरतोय, आणि मागं आजी खिडकीतून बाहेर बघत हसतेय. साक्षीला वळणावर झोप यायची, तिचं डोकं मावशीच्या मांडीवर. मावशी तिच्या केसांतून हात फिरवतेय. एका ठिकाणी तर सचिन तिच्या तोंडासमोर चाकू नाचवतोय आणि ती त्याच्या जॅकेटची निघालेली शिवण बघतेय, बोटानं चाचपून. खोटं हसू नाही हं ते. मी तिला इतक्या वर्षांत कधी तसं हसताना बघितलं नव्हतं.

आता सांगा, हा थ्रिलर कसा होणार? प्रेक्षक गुंडांना घाबरणार कसे? आजी कापून काढावी तर प्रत्येक फ्रेममध्ये ती. काढली तर पिक्चरच उरत नव्हता.

दुपारी फोन घेऊन तिच्याकडे गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसून तिला तो वस्तऱ्याचा सीन लावून दिला. तिनं ताट बाजूला ठेवलं, हात साडीला पुसले आणि उन्हाची तिरीप लागते म्हणून फोनवर पदर धरून बघितला. पूर्ण बघितला.

"मावशी," मी म्हटलं, "चांगलाय, पण एकच झालं बघ. तू घाबरलीच नाहीस. गाडीत गुंड आहेत, गळ्याला वस्तरा आहे. एकदा तरी घाबरायचं ना गं."

तिला खरंच कळलं नाही मी काय म्हणतेय ते.

"घाबरू कशाला?" ती म्हणाली. "सगळी होती की गाडीत."

मग तिनं बोटानं हळूच स्क्रीनला हात लावला, आणि चित्र थांबलं तशी दचकली, काही बिघडलं की काय म्हणून. मी म्हटलं काही नाही झालं, फक्त थांबलंय, तुझ्या बोटानं.

"असं थांबवता येतं?"

"हो."

"किती वेळ?"

मी म्हटलं, पाहिजे तेवढा. आणि फोन तिच्या हातात देऊन मी तांदळाचं ताट माझ्याकडे ओढलं.